१० आर, २५ वर्षं

बालीच्या तबानान जिल्ह्यात, बातुकारू पर्वताच्या उतारावरच्या एका गावात भाताचा एक तुकडा भाडेपट्ट्यानं मिळतो आहे. क्षेत्र १० आर, मुदत २५ वर्षं, पैसे सगळे आगाऊ. इथंही जमीन आरमध्येच मोजतात, त्यामुळे सातबारा वाचणाऱ्याला अंदाज लगेच येतो: दहा गुंठ्यांना किंचित कमी. माझ्या नवऱ्याला तो तुकडा घ्यायचा आहे. त्यानं तो घेऊ नये असं त्याच्या आत्याचं म्हणणं आहे. पैशांत निम्मा वाटा माझा, म्हणून मी मधे बसून ऐकत होते आणि जमेल तसं टिपून ठेवत होते.

भाचा पुण्यात वाढला, सध्या सिंगापुरात सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिथून बाली पावणेतीन तासांवर. शेतीशी त्याचा संबंध मे महिन्याच्या सुट्टीपुरता. आत्या भोरच्या पश्चिमेला, हिरडस मावळात राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिनं शिकवलं आणि जोडीनं भात केला. इंद्रायणी विकायला, आंबेमोहोर घरी. विमानतळावरून तबानानकडं येताना मेंगवीजवळ गाडी अडकली तेव्हा तिनं पहिला शेरा मारला: "कात्रजला काय वेगळं असतं?" भाच्याला वाटलं होतं, डोंगर दिसला की ती विरघळेल. डोंगर दिसला, आणि ती पाण्याचा पाट कुठून येतो ते शोधायला लागली.

भाचा : आत्या, आधी हिशेब ऐक, मग काय ते बोल. हेक्टरी सहा टन भात धर. १० आरात ६०० किलो. सरकारी खरेदीदर २०२५ पासून किलोला ६,५०० रुपिया. म्हणजे एका पिकाचे ३९ लाख रुपिया. ऐकायला मोठं, आपल्या पैशात वीस-एकवीस हजार. त्यातून खत, मजुरी, मळणी वजा कर. वर्षाला दोन पिकं घेतली तरी मी आगाऊ जे देतोय ते भातातून उभं करायला मालकाचा जन्म पुरणार नाही.

आत्या : किलोला आपले किती झाले?

भाचा : पस्तीसच्या आसपास.

आत्या : आपला २०२५-२६ चा हमीभाव २,३६९ रुपये क्विंटल. चोवीससुद्धा नाही. यांचं बरं चाललंय म्हणायचं. बरं, शेतात उतरतं कोण?

भाचा : मालक.

आत्या : मालक देनपसारला राहतो, हे तूच सांगितलंस. सकाळी चिखलात कुळव धरून होता तो कोण?

भाचा : तो वाटेकरी. अर्धलीनं करतो.

आत्या : म्हणजे वीस हजारांतले दहा त्याचे. मालकाला तू रग्गड देशील. त्याला काय?

भाचा : त्याला दुसरा तुकडा मिळेल. इथं कसायला माणूस मिळत नाही, पोरं सगळी क्रूझ जहाजांवर नाहीतर हॉटेलांत. वाटेकऱ्याला मागणी आहे.

आत्या : हे त्याला विचारलंस?

भाच्यानं विचारलं नव्हतं. पण इथं एक गोष्ट माझ्याकडून नोंदवते, कारण त्या दोघांच्या बोलण्यात ती आली नाही. इंडोनेशियात वाटेकऱ्यासाठी कायदा नाही असं नाही. १९६० चा दुसऱ्या क्रमांकाचा कायदा सांगतो की अर्धलीचा करार लेखी हवा आणि भातजमिनीला तो किमान तीन वर्षांचा हवा. प्रत्यक्षात बहुतेक करार तोंडी असतात. त्याच वर्षी मूळ जमीन कायदाही आला, कमाल धारणेची मर्यादा आली, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या तालुक्यात राहून शेतजमीन बाळगायला बंदी आली. भूमिहीनांना जमीन मिळवून देण्याचं आंदोलन कम्युनिस्ट पक्षाशी जोडलेल्या शेतकरी संघटनेनं गावोगाव चालवलं. मग १९६५-६६ चं कम्युनिस्टविरोधी हत्याकांड झालं. एकट्या बालीत सुमारे ८०,००० माणसं मारली गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बेटाच्या लोकसंख्येच्या पाच टक्के. त्यानंतर कुळाचा हक्क हा विषयच कित्येक वर्षं धोक्याचा झाला. आपल्याकडं १ एप्रिल १९५७ ला कूळ कागदावर मालक झालं, त्यातही पळवाटा निघाल्या, पण निदान चावडीवर जाऊन भांडता येत होतं. बालीच्या जाहिरातींत हसरा शेतकरी दिसतो तेव्हा मला ही वर्षं आठवतात. तो हसत नसावा असं माझं म्हणणं नाही. त्याला तोंडी करारावर इतकी वर्षं का ठेवलंय, एवढंच.

आत्या : बरं, तू जमीन विकत का घेत नाहीस? भाड्यानं कशाला?

भाचा : परदेशी माणसाला मालकी मिळतच नाही. १९६० चा कायदा स्पष्ट आहे, पूर्ण मालकी फक्त इंडोनेशियन नागरिकाला. लोक पळवाट काढतात, एखाद्या स्थानिक माणसाच्या नावावर घेतात आणि त्याच्याकडून उलट करार लिहून घेतात. मी ते करणार नाही. पकडलं तर व्यवहार रद्द, जमीन सरकारजमा आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत, असं कायद्यातच आहे.

आत्या : शहाणा आहेस. कायदाही शहाणा आहे. आपल्याकडं कूळकायद्यात कलम ६३ आहे, शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. तरी आमच्या खोऱ्यात तारेची कुंपणं कुठवर गेली बघ. सगळे एका रात्रीत शेतकरी झाले.

भाचा : म्हणून तर भाडेपट्टा. कायदेशीर, नोटरीसमोर, दोन्ही भाषांत.

आत्या : २५ वर्षांनी तू त्रेसष्ठचा. तेव्हा घर कुणाचं?

भाचा : मुदतवाढीचं कलम आहे.

आत्या : कोणत्या दरानं?

भाचा : त्या वेळच्या बाजारभावानं.

आत्या : म्हणजे तू घर बांधून, रस्ता आणून, जमिनीचा भाव वाढवणार आणि तोच वाढलेला भाव पुन्हा भरणार. आणि यातून परतावा काय म्हणालास?

परताव्याचा भाग भाच्यानं चांगला मांडला होता. चार खोल्या, दोन आमच्या, दोन पाहुण्यांना. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियनांच्या खालोखाल बालीत आले ते भारतीय पर्यटक. शाकाहारी जेवण, मागं भाताच्या पायऱ्या, समोर डोंगर. पण घरगुती निवासाचा परवाना, त्याला इथं पोंडोक विसाता म्हणतात, तो नागरिकांसाठी राखीव आहे. परदेशी माणसाला धंदा करायचा तर परदेशी गुंतवणुकीची कंपनी काढायची. त्यासाठी दहा अब्ज रुपियांहून मोठी गुंतवणूक दाखवावी लागते, आपले पाच कोटींच्या वर. आमच्याकडं तेवढे नाहीत.

भाचा : परवाना मालकाच्या मुलाच्या नावानं घ्यायचा. चालवायचं त्यानं, वाटा त्याला.

आत्या : म्हणजे जमीन दुसऱ्याच्या नावावर घेणार नाहीस, धंदा घेशील.

यावर तो गप्प बसला. त्यानं पूर्वी हा विचार केला नसेल असं नाही. कुणी इतक्या थोडक्यात समोर ठेवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही तुकडा नीट पाहायला गेलो. आत्यानं साडी खोचली आणि बांधावरून वर चालायला लागली, आम्ही मागं. पाट जिथं फुटतो तिथं नारळाचं खोड आडवं टाकलेलं होतं, त्याला कमी-जास्त रुंदीच्या खाचा. पाणी प्रत्येक खाचेतून तिच्या रुंदीएवढं जातं. पाऊस जास्त झाला तर सगळ्यांना जास्त, कमी झाला तर सगळ्यांना त्याच प्रमाणात कमी. ज्याचं शेत जेवढं, तेवढी त्याची खाच. कुलूप नाही, मीटर नाही. आत्या तिथं वाकून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "रात्री उठून दगड टाकला तर सकाळी सगळ्यांना दिसेल."

खाचेशेजारी बांबूवर एक छोटं देवघर होतं, आत नारळाच्या पानाच्या द्रोणात फुलं आणि चिमूटभर भात. भाताची देवी इथं श्री. पाण्याचं सगळं व्यवस्थापन ज्या संस्थेकडं आहे तिचं नाव सुबाक. ती गावानुसार नाही, पाण्यानुसार बांधलेली असते: एका पाटावरची सगळी शेतं एक सुबाक, मग मालक कोणत्याही वस्तीतला असो. प्रमुख पेकासेह. नियम लिहिलेले, त्यांना अवीग-अवीग म्हणतात. पाट साफ करायला आला नाही तर दंड, पाणी चोरलं तर मोठा दंड. धुळ्याकडं पांझरेच्या फडात पाणी वाटायला पाटकरी आणि जागल्या होते, त्यांनी हे पाहिलं असतं तर त्यांना काही समजावून सांगावं लागलं नसतं.

सुबाकबद्दल मी थोडं वाचून आले होते, आणि मला वाटतं आमच्या १० आरांचा प्रश्न यातच आहे. १९७० च्या दशकात हरितक्रांती बालीत आली. सरकारनं लवकर येणारी नवी वाणं दिली, खत-औषधाचं कर्ज दिलं आणि सांगितलं, मंदिराच्या पंचांगाची वाट बघू नका, जितक्या वेळा लावता येईल तितक्या वेळा लावा. काही हंगाम धान्य वाढलं. मग तपकिरी तुडतुडे आले, मागून टुंग्रो रोग आला. औषध मारलं की तुडतुडा पुन्हा येई, कारण आता कोणत्याही दिवशी कुठं ना कुठं हिरवा भात उभाच होता. आधी काय होत होतं? वरच्या-खालच्या सुबाकांचे प्रतिनिधी जलमंदिरात जमून ठरवत की कोणत्या पट्ट्यानं कधी लावायचं. मोठा पट्टा एकाच वेळी कापला आणि पडीक ठेवला की किडीला खायला काही उरत नसे. पण सगळ्या खोऱ्यानं एकदम लावणी केली असती तर पाणी पुरलं नसतं. म्हणून पट्टा कीड मरेल इतका मोठा आणि पाणी पुरेल इतका लहान असावा लागे. स्टीफन लान्सिंग या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञानं जेम्स क्रेमर या शास्त्रज्ञाबरोबर १९८० च्या दशकात संगणकावर याचं प्रतिरूप मांडलं, तेव्हा दिसलं की मंदिरांनी पाडलेले पट्टे उत्पन्नाच्या दृष्टीनंही जवळपास सर्वांत फायद्याचे आहेत. तोवर शेतकरी बऱ्याच ठिकाणी आपल्या वेळापत्रकाकडं परतलेही होते.

म्हणजे इथला एक तुकडा एकट्यानं सुपीक नाही. खालच्या आणि वरच्या शंभर जणांनी ठरलेल्या दिवशी ठरलेली गोष्ट केली म्हणून तो सुपीक आहे. आणि आमच्या खोलीतून जी दिसणार ती हिरवाईही त्याच कामाची आहे. ती भाड्यात धरलेली नाही.

भाचा : मी पाट बंद करतोय का? माझा तुकडा रस्त्याकडेचा आहे. नकाशात वस्तीच्या पट्ट्यात आहे, संरक्षित भातशेतीत नाही. मी तपासलंय.

आत्या : शेजारचं शेत हिरव्या रंगात आणि हे पिवळ्या? बांध एक, पाणी एक. पाण्याला तुझा नकाशा दाखव.

भाचा : तू शिक्षिकेसारखं बोलू नकोस गं. खाली चांगूला जा, तिथं भाताच्या शेतांवर किती व्हिला उभे राहिले बघ. मी एक घर बांधणार, उतरत्या कौलांचं, नारळाच्या झाडापेक्षा खाली.

आत्या : चांगूतल्या पहिल्या माणसानंही एकच बांधलं असेल.

पेकासेहला भेटायला मालकाच्या मुलानं नेलं. पन्नाशीचा माणूस, बोलायला मोजका. कॉफी आली, उकडलेल्या केळ्यावर खोबरं आलं. भाच्यानं आपली योजना मोडक्या इंडोनेशियनमध्ये सांगितली. तो ऐकत राहिला, मग त्यानं एकच विचारलं: घरातलं सांडपाणी कुठं सोडणार? पाहुण्यांच्या चादरी रोज धुतल्या जातील, ते साबणाचं पाणी खालच्या खाचरात जाईल. भाच्यानं सेप्टिक टाकीचं सांगितलं. पेकासेहनं मान हलवली. होकार की नकार, ते मला कळलं नाही. मालकाच्या मुलाला कळलं असावं, कारण परत येताना तो बराच वेळ बोलला नाही.

आता भाच्याची बाजू, जी त्या संध्याकाळी वारुंगमध्ये, म्हणजे इथल्या छोट्या खानावळीत, बसून त्यानं मांडली आणि जिच्यापुढं आत्यालाही दम घ्यावा लागला.

भाचा : तुला जतिलुवीह माहितीय ना, जिथं आपण काल गेलो होतो? २०१२ ला युनेस्कोच्या यादीत गेलं, सुबाकच्या साडेएकोणीस हजार हेक्टरांच्या वारशात. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेनं जगातल्या उत्तम पर्यटन गावांत नाव घातलं. तिकीट लावून लोक शेतं बघतात. आता २०२५ चा डिसेंबर बघ. शेतांतली हॉटेलं आणि खानावळी बेकायदा म्हणून प्रांताच्या लोकप्रतिनिधींनी पाहणी केली आणि बंद करायला लावल्या. त्यांतल्या कितीतरी तिथल्याच शेतकऱ्यांच्या, स्वतःच्या जमिनीवरच्या. शेतकऱ्यांनी काय केलं? खाचरांत जस्ताचे पत्रे उभे केले. पर्यटकांच्या डोळ्यांत उन्हाची तिरीप जावी, फोटो बिघडावा म्हणून. म्हणाले, देखावा आमचा, आणि त्याचे पैसे आम्हालाच मिळणार नसतील तर घ्या पत्रे.

आत्या : बरोबर केलं.

भाचा : बरोबर केलं ना? मग तू त्यांच्या बाजूची की माझ्या? शेतकऱ्यानंच आपल्या शेतात चार खोल्या काढल्या तर चालतं. त्याच्याकडं भांडवल नाही म्हणून त्यानं मला भाड्यानं दिली तर पाप? तुम्हा लोकांना शेतकरी शेतातच उभा हवा असतो, गुडघाभर चिखलात. तुमचा फोटो बिघडू नये म्हणून.

आत्या : मी फोटो काढत नाही.

भाचा : काढत नसशील. पण तू तुझी जमीन विकली नाहीस हे अभिमानानं सांगतेस, ते कशाच्या जोरावर? तुला पेन्शन आहे. तुझ्या शेजाऱ्याला नव्हती. त्यानं विकली आणि मुलीला इंजिनिअर केलं. ती आज माझ्याच कंपनीत आहे.

हे खरं होतं, मलाही ती मुलगी माहीत आहे. आत्यानं तळलेल्या टेंपेचा तुकडा मिरचीच्या संबालात बुडवला, खाल्ला, पाणी प्यायली.

आत्या : विकली, त्याला मी नावं ठेवत नाही. पैसे मिळाले ते लागले कामाला. पण त्याच्या जमिनीवर आज जो पुण्याचा माणूस आहे, त्यानं वरचा ओढा बांधून तळं केलंय, कमळं लावलीत. खालच्या तिघांची लावणी पंधरा दिवस मागं गेली. विकणाऱ्याला पैसे मिळाले, घेणाऱ्याला तळं. खालच्या तिघांना कुणी विचारलं? ते कुठल्याच कागदावर नव्हते. तुझा करार तसाच आहे. दोन सह्या. पाट मात्र शंभर जणांचा.

भाचा : मग काय, कुणी काहीच करू नये?

आत्या : राहा ना. राहायला कोण नको म्हणतंय? राहणं आणि बांधणं एकच आहे का?

राहण्याचा हिशेब त्यांनी पटकन उरकला, कारण तिथं वाद नव्हता. भारतीय पासपोर्टवर विमानतळावर ५ लाख रुपियांत ३० दिवसांचा व्हिसा मिळतो, तो एकदा ३० दिवस वाढतो. वर बालीचा दीड लाख रुपियांचा प्रवेशकर, फेब्रुवारी २०२४ पासून. दुरून काम करणाऱ्यांसाठी वर्षभराचा व्हिसा आहे, त्याला वार्षिक ६०,००० डॉलरचं उत्पन्न दाखवावं लागतं. भाचा त्यात बसतो. १८३ दिवसांहून जास्त राहिलात तर इथल्या कराचा प्रश्न सुरू होतो. गावात एका घरातली मागची खोली महिन्यानं मिळत होती: पहाटे कोंबडे, संध्याकाळी सरावाला बसलेला गामेलान वाद्यवृंद, आणि कुणाच्या तरी घरचा समारंभ असला की रस्ता बंद. न्येपीच्या दिवशी अख्खं बेट दिवे मालवून घरात बसतं, विमानतळही बंद. आत्याला ही खोली पसंत होती. भाच्याला ती भाड्याची वाटत होती, हा सगळा घोळ.

भाचा : स्वतःचं म्हणून काहीतरी हवं, आत्या. पुण्याचा फ्लॅट भाड्यानं दिलाय, सिंगापूरचा भाड्यानं घेतलाय. कुठंतरी एक झाड मी लावलेलं असावं.

आत्या : भोरला लाव. सात-बाऱ्यावर तुझं नाव आहे.

त्यानं काही उत्तर दिलं नाही. भोरला तो गेल्याला बरीच वर्षं झाली आहेत.

माझं मत मी दोघांनाही सांगितलं. गुंतवणूक म्हणून हे कच्चं आहे: आगाऊ पैसे, संपणारा हक्क, दुसऱ्याच्या नावावरचा परवाना, आणि कडक होत चाललेले भातजमिनीचे नियम. २०२५ च्या सप्टेंबरात देनपसारकडं पूर आला, माणसं दगावली आणि शेतजमिनीवरच्या बांधकामांकडं सगळ्यांनी बोट दाखवलं. हे नियम सैल होतील असं समजून पैसे घालणं धाडसाचं आहे. प्रवासी म्हणून मला हे गाव आवडलं. पण भाच्याचा एक मुद्दा मला सोडवता येत नाही. देखावा टिकवायचा आणि तो टिकवणाऱ्यानं गरीबच राहायचं, या व्यवस्थेत मी तिकीट काढून उभी होते. आत्या म्हणते ते पाण्याचं खरं आहे. पण ते पाळायची जी किंमत आहे, ती तिला भरावी लागत नाही.

शेवटी भाचा कराराचा मसुदा घेऊन बसला आणि आत्याला म्हणाला, तुला काय हवंय ते सांग, कलमं घालतो. आत्याचं पहिलं कलम: तुकड्यातून जाणारा पाट बुजवायचा नाही, वळवायचा नाही, त्याच्या दोन्ही कडांना हातभर जागा साफसफाईला मोकळी ठेवायची. घातलं. दुसरं: सुबाकची वर्गणी आणि पाट-सफाईचं काम भाडेकरूनं सोडायचं नाही, स्वतः येणार नसेल तर मजूर द्यायचा. घातलं. तिसरं माझं होतं: वाटेकऱ्याला उभ्या पिकाची आणि पुढच्या दोन वर्षांची भरपाई, आगाऊ रकमेतून, मालकाच्या हातात जाण्याआधी. हे कलम भाच्यानं लिहिलं आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं. मालकाला फोन केला. मालक म्हणाला, असं कलम त्यानं कुठल्या करारात पाहिलेलं नाही, विचार करून कळवतो.

आत्या उठली. "ज्याच्यासाठी लिहिताय त्याला तर विचारा."

वाटेकरी खालच्या बांधावर गवत कापत होता. मालकाच्या मुलानं दुभाषेपणा केला. माणसानं विळा कमरेला लावला, सगळं ऐकून घेतलं. पाटाचं कलम त्याला पटलं. खालची सहा आर तो स्वतःच्या भावाची करतो, पाणी तिथूनच जातं. भरपाईचं ऐकून तो मालकाच्या मुलाकडं बघायला लागला आणि काही बोलला नाही. मग त्यानं आपल्या बाजूनं एकच विचारलं. घर बांधलं तर बागेला माणूस लागेल ना? महिन्याला किती देणार?

भाच्याचा चेहरा उजळला. त्यानं आत्याकडं एकदा पाहिलं आणि आकडा सांगितला. मालकाच्या मुलानं तो इंडोनेशियनमध्ये सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आत्यानं त्याला हातानं थांबवलं.

"कमी आहे," ती भाच्याला म्हणाली. "वाढव."